नवीन पोराला आधी लाईन बंद करायला शिकवा, पोलवर नंतर चढवा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

निकाल लागले, आयटीआयचे फॉर्म सुरू झाले की आमच्या जुळे सोलापूर भागातली पोरं माझ्याकडं येतात, मी लाईनवरच नोकरी करून रिटायर झालोय हे सगळ्यांना माहीत आहे, "अण्णा, लाईनवर लागायचंय, काय करावं लागतंय सांगा की" म्हणतात. जाहिरात कधी निघती, पेपर कसा असतोय, ओळख लागती का, सगळं विचारतात, पण वर चढल्यावर जीव कसा सांभाळायचा हे आजवर एकानं पण आपणहून विचारलेलं नाही आणि सोबत आलेल्या त्याच्या वडिलांनी पण नाही. तुमच्या पेपरात भरतीची बातमी येती, कुणी पोलवर चिकटून गेला तर ती पण बातमी येती, पण या दोन्हीच्या मधे काय असतंय ते कुठंच छापून येत नाही, म्हणून लिहितोय, पत्र जरा मोठं झालंय पण शक्य असंल तर कापू नका.

नोकरीचं आधी सांगून टाकतो कारण पोरांचं सगळं ध्यान तिथंच असतंय. आयटीआयला वीजतंत्री नाहीतर तारतंत्री, आपण इलेक्ट्रिशियन आणि वायरमन म्हणतो ते, दोन वर्षांचा ट्रेड करायचा, मग अप्रेंटिसशिप करायची आणि महावितरणची विद्युत सहाय्यकची जाहिरात आली की ऑनलाईन परीक्षा द्यायची. 2023 च्या जाहिरातीत 5347 जागा होत्या, वय 18 ते 27, राखीव गटांना सवलत. लागला म्हणजे लगेच पर्मनंट होत नाही, तीन वर्षं मानधनावर काढायची असतात, त्या जाहिरातीत पहिल्या वर्षी महिना 15 हजार, दुसऱ्या वर्षी 16 आणि तिसऱ्या वर्षी 17 हजार होतं, काम समाधानकारक असलं की तंत्रज्ञ, पुढं वरिष्ठ तंत्रज्ञ, प्रधान तंत्रज्ञ असं वर जाता येतं. पोस्टिंग सोलापुरातच मिळंल असं धरून चालू नका. मुलींनी पण फॉर्म भरा, लाईनवर काम करणाऱ्या मुली आता महाराष्ट्रात आहेत आणि चांगलं काम करतात. आणि कंत्राटदाराकडं चिकटवतो म्हणून कुणी पैसे मागत असंल तर एक रुपया देऊ नका, आईचं सोनं मोडून पैसे दिलेली पोरं मी बघितलीत.

पोरांचा अजून एक गोंधळ असतोय तो पण सांगतो. 2005 साली जुनी एमएसईबी, म्हणजे वीज मंडळ, मोडली आणि निर्मिती, पारेषण (वीज लांबवर नेणं), वितरण अशा वेगळ्या कंपन्या झाल्या. आपल्या जिल्ह्यात फताटेवाडीला एनटीपीसीचा 1320 मेगावॅटचा प्लांट आहे, 31 डिसेंबर 2013 ला रायचूर-सोलापूर ही 765 केव्हीची, म्हणजे 7 लाख 65 हजार व्होल्टची, लाईन चालू झाली आणि दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाच्या ग्रिडला जोडलं गेलं, सोलापूरकरांनी अभिमानानं सांगावी अशी गोष्ट आहे ही. पोरं ते उंच टॉवर बघून येतात आणि म्हणतात मला तिथं काम पाहिजे, पण ती पारेषणाची कामं झाली, नवीन लागलेल्या पोराच्या नशिबी बहुतेक वितरणच येतंय, म्हणजे गल्लीतली डीपी, एलटीची म्हणजे घराघरात जाणारी कमी दाबाची लाईन, 11 केव्हीचा फिडर म्हणजे सबस्टेशनहून डीपीपर्यंत येणारी लाईन, 8-9 मीटरचा सिमेंटचा पोल. माणसं दगावतात ती जास्त करून इथंच, कारण या लाईनची भीती मोडून गेलेली असती.

आता मूळ मुद्दा. नवीन पोरगं लाईनवर आलं की पहिल्या आठवड्यातच कुणीतरी त्याच्या हातात पक्कड देतंय आणि म्हणतंय चढ. पोराला पण चढायचं असतंय, अंगात रग असती, खाली उभं राहिलं की कमीपणा वाटतो. माझं म्हणणं असं की पहिलं वर्ष त्यानं खाली राहून शिकावं, आणि शिकावं म्हणजे चहा आणायला जाऊ नये, लाईन बंद कशी करायची, ती खरंच बंद झाली हे कसं बघायचं आणि ती बंदच कशी ठेवायची ही तीन कामं त्याच्याकडनं रोज करून घ्यावीत. पोलवर चढणं काय, महिन्याभरात येतंय.

सबस्टेशनच्या ऑपरेटरकडनं परमिट, म्हणजे बंद लाईनवर काम करायची परवानगी, घ्यायचं, तोंडी नाही, लिहून. मग एबी स्विच, म्हणजे पोलवरचा लाईन तोडायचा स्विच, ओढायचा आणि तिन्ही ब्लेड उघडलेत का हे स्वतःच्या डोळ्यानं बघायचं, कारण गंजलेल्या स्विचचं हँडल खाली येतंय आणि एक ब्लेड तसंच चिकटून राहतंय. तिथं कुलूप आणि पाटी. मग एचटीचा, म्हणजे जास्त दाबाच्या लाईनचा, डिटेक्टर रॉडवर लावून तारेत करंट आहे का तपासायचं, खिशातला निऑनचा टेस्टर तिथं चालत नाही. तो डिटेक्टर आधी चालू लाईनजवळ नेऊन वाजतोय का बघायचा, मग बंद केलेल्या लाईनला लावायचा, आणि परत एकदा चालू लाईनजवळ न्यायचा, नाहीतर सेल संपलेला डिटेक्टर गप्प बसतोय आणि आपण समजतो लाईन डेड आहे. मग अर्थिंग रॉड, म्हणजे तारेला जमिनीशी जोडणारा रॉड, काम जिथं आहे त्याच्या दोन्ही बाजूला. आधी खालचं टोक जमिनीत पक्कं करायचं, मग वरचा हुक तारेत अडकवायचा, काढताना उलटं, आधी वरचा हुक आणि शेवटी जमिनीचं टोक. हा क्रम झोपेतून उठवून विचारला तरी सांगता आला पाहिजे, तोवर पोलवर चढायचा बेल्ट लावू देऊ नका.

ऑपरेटरनं फिडर बंद केला, स्विच उघडला, परमिट हातात आलं, मग अर्थिंग कशाला असं पोरं विचारतात. मोहोळ तालुक्यातली गोष्ट सांगतो, वळवाच्या पावसात शेतीच्या फिडरची तार तुटलेली, आमचा एक सिनियर तंत्रज्ञ होता, सगळं रीतसर बंद करून पण त्यानं डिटेक्टर लावला आणि डिटेक्टर वाजायला लागला. सबस्टेशनला फोन केला तर ऑपरेटर म्हणतोय बंदच आहे, आणि तो खरंच सांगत होता. पुढं एका वस्तीवर कार्यक्रम होता, लाईट गेली म्हणून त्यांनी जनरेटर लावलेला आणि चेंजओव्हर स्विच (एका वेळी लाईन नाहीतर जनरेटर, एकच जोडणारा) न बसवता सरळ घरच्या वायरिंगला जोडलेला. डीपीचा ट्रान्सफॉर्मर 11 हजार व्होल्ट घेतो आणि 433 करून खाली देतो, पण तो दोन्हीकडनं चालतो, खालनं त्याला जनरेटरचा सप्लाय मिळाला की तो वरच्या तारेत हजारो व्होल्ट तयार करतो. त्या दिवशी डिटेक्टर लावायचा कंटाळा केला असता तर तुटलेली तार ओढायला हात घालणारं पोरगं जाग्यावर गेलं असतं. आणि असा जनरेटर डिटेक्टर लावून झाल्यावर सुरू झाला तर तो करंट जमिनीत जावा म्हणून अर्थिंग. म्हणून सांगतो, जनरेटर किंवा इन्व्हर्टर असणाऱ्या प्रत्येकानं चेंजओव्हर बसवून घ्या, मंगल कार्यालयवाले, हॉस्पिटलवाले, पूर्व भागातले लूमवाले, वस्तीवर राहणारे सगळे.

दुसरा धोका म्हणजे एका पोलवर दोन फिडर. गावठाणाचा वेगळा, शेतीचा वेगळा, आणि कितीतरी ठिकाणी दोन्ही एकाच खांबावरनं जातात, एक बंद केला तरी दुसरा चालू असतोय. नवीन पोराला भाग माहीत नसतो, म्हणून पहिल्या दोन-तीन महिन्यात त्याला सेक्शनच्या सगळ्या लाईनी पायी हिंडवा, कुठला पोल कुठल्या फिडरचा, क्रॉसिंग कुठं आहे, डीपीला दोन बाजूनं सप्लाय कुठं येतो, हे त्यानं स्वतःच्या हातानं वहीत काढलं पाहिजे. मोबाईलवर नकाशा मिळतो हे खरंय, पण रात्री पावसात मोबाईल काढून कोण बघत बसतंय.

हातमोज्याचं पण लोक सोडून देतात. रबरी मोजा रोज घालायच्या आधी मनगटाकडनं गुंडाळत आत हवा कोंडायची आणि कानाजवळ धरून दाबायचा, बारीक भोक असलं तरी हवा सुटल्याचं कळतं. भोक पडलेला मोजा न घातल्यापेक्षा वाईट, कारण घातलाय म्हणून माणूस धीट होतो. पोलवर शिडी लावायच्या आधी बुडाला तडा गेलाय का, स्टे वायर, म्हणजे पोलला ताणून धरणारी तार, ताठ आहे का बघायचं. आपल्याकडं एप्रिल-मे मधे 42-43 डिग्रीला हेल्मेट नको वाटतंय, घामानं बेल्ट सरकतो, मोजे ओले होतात, हे मला पाठ आहे, तरी पण काढायचे नाहीत. पाणी प्यायला खाली उतरा, सावलीत बसा, काम अर्धा तास उशिरा झालं तर चालतंय.

आणि उशिराचं निघालंच आहे तर हे ग्राहकांसाठी. वळवाचा पहिला पाऊस आला की चिनी मातीचे इन्सुलेटर दिवसभर तापलेले असतात, त्यावर गार पाणी पडलं की तडकतात, वर बसलेली धूळ ओली झाली की तिच्यातनं करंट गळतो आणि फिडर ट्रिप होतो. कुठला इन्सुलेटर गेलाय हे लांबनं दिसत नाही, अंधारात बॅटरी घेऊन एकेक पोल बघत जावं लागतंय. तेवढ्यात वीस जणांचे फोन, किती वेळ, किती वेळ. काही जण तर डीपीपाशी येऊन शिव्या देतात. अनुभवी माणूस ते ऐकून सोडून देतो, पण नवीन पोरगं घाबरतंय, आणि घाई झाली की सगळ्यात आधी जे वगळलं जातं ते अर्थिंग. तुम्हाला तक्रार करायची तर 1912 ला करा, तो नंबर त्यासाठीच आहे, पोलवर असलेल्या माणसाच्या मोबाईलवर करू नका. तुमच्या घरातलं लेकरू वर असतं तर तुम्ही खालनं ओरडला असता का?

अप्रेंटिसचं वेगळं सांगायला पाहिजे. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानं अप्रेंटिस हा शिकाऊ आहे, कामगार नाही, त्याला माणूस कमी आहे म्हणून एकट्याला फ्यूज टाकायला पाठवणं चुकीचंच आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2023 च्या सुरक्षा नियमांत पण अशी कामं नेमून दिलेल्या, प्रशिक्षण झालेल्या माणसानंच करायची असं आहे. कंत्राटी पोरांची तर अवस्था बघवत नाही, एका कंत्राटदाराची पोरं मी सँडलवर पोलवर चढताना बघितलीत, हेल्मेट गाडीच्या डिकीत. त्यांना विचारलं तर म्हणाले, मागितलं की उद्यापासून येऊ नको म्हणतात. पोटासाठी आलेलं पोरगं यापुढं काय बोलणार. म्हणून हे मागायचं काम त्याच्यावर टाकू नका, साहित्य हातात असल्याशिवाय परमिटच द्यायचं नाही असं वरनं ठरलं पाहिजे, मग तो कुणाचा पण माणूस असो.

आता हे पत्र वाचणाऱ्या आईवडिलांना सांगायचंय. काम चांगलं आहे, इज्जतीचं आहे, रात्री दोन वाजता गावाला लाईट देऊन खाली उतरल्यावर जे वाटतं ते मी शब्दात सांगू शकत नाही, पोराला इच्छा असंल तर जरूर पाठवा. पण लागल्यावर पगार किती आला हे विचारता तसं आज अर्थिंग केलं होतं का हे पण विचारत जा. मी माझ्याकडं येणाऱ्या पोरांना हेच विचारतो, सुरुवातीला लाजतात, नंतर स्वतःच येऊन सांगायला लागतात.

संपादक साहेब, आपल्याला एक विनंती. 4 मार्चला लाईनमन दिवस असतो, त्या दिवशी सत्काराचे फोटो छापून येतात, चांगलंच आहे, छापा. त्याच पानावर परमिट ते अर्थिंग हा सगळा क्रम चित्रासकट मोठ्या अक्षरात एकदा छापा, म्हणजे कापून आयटीआयच्या वर्कशॉपात आणि प्रत्येक सेक्शन ऑफिसात भिंतीवर लावता येईल. मजकूर तपासून द्यायला मी कधी पण यायला तयार आहे, माझ्यासोबतचे अजून दोघं-तिघं रिटायर तंत्रज्ञ पण येतील, आणि एखाद्या आयटीआयनं बोलावलं तर डिटेक्टर आणि रॉड हातात घेऊन पोरांना करून दाखवू, मानधन काही नको.

आपला नम्र,
एक निवृत्त लाईनमन,
जुळे सोलापूर