लिम्फोसाइट मोजणाऱ्या तलाठ्यास

गंगापूर रोड, नाशिक
१६ जानेवारी

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार. दिवाळीतल्या तुझ्या पत्राला उत्तर दिले नाही, त्याबद्दल बोलणी खायची तयारी आहे. साखर आटोक्यात आहे, गुडघा नाही. आज लिहायला बसलो त्याचे कारण निराळे आहे आणि ते दुसऱ्या कोणाला सांगितले, तर तो माझी समजूत काढायला लागेल.

नोव्हेंबरात निफाडकडच्या एका द्राक्षबागायतदाराच्या आईची बायोप्सी माझ्याकडे आली. वय ७२, गाठ मोठ्या आतड्याच्या उजव्या भागात. चार चिमूटभर तुकडे, त्यांतले दोन चिरडलेले. ग्रंथी कुठेच नाहीत, पेशींचे सलग थर, मायटोसिस, म्हणजे पेशींचे विभाजन, भरपूर. सीडीएक्स२ आणि सीके२० या आतड्याच्या पेशी ओळखायच्या दोन्ही चाचण्या निगेटिव्ह, म्हणजे गाठ आतड्याची आहे हे सांगायलाही कोणी साक्षीदार नाही. संप्रेरके स्रवणाऱ्या न्यूरोएंडोक्राइन पेशींच्या खुणांपैकी सिनॅप्टोफायसिन काही पेशींत फिकट उमटले, क्रोमोग्रॅनिन उमटलेच नाही, त्याकडे मी काणाडोळा केला. वाढीचा वेग सांगणारे केआय-६७ सत्तर टक्क्यांच्या वर. मी ‘न्यूरोएंडोक्राइन कार्सिनोमा’, म्हणजे त्या पेशींचा आक्रमक कर्करोग, असे लिहून सही केली. ‘शक्यता’ हा शब्द आधी लिहिला होता आणि मग खोडला. तो खोडलेला शब्द रात्री आठवतो.

सिस्प्लॅटिन-इटोपोसाइड या केमोची तारीख ठरली होती. त्याआधीच आतड्यात अडथळा आला आणि शस्त्रक्रिया तातडीने करावी लागली. माझी चूक माझ्या हुशारीने नव्हे, बाईंच्या पोटदुखीने उघडी पडली. पूर्ण नमुना सूक्ष्मदर्शकाच्या कमी पॉवरवर ठेवला आणि तू आठवलास. गाठीची कड बोथट, शेजारच्या ऊतीला रेटत गेलेली. केंद्रके फुगीर, प्रत्येकात न्यूक्लिओलसचा ठळक ठिपका आणि पेशींच्या थरांत जागोजागी घुसलेले लिम्फोसाइट, त्या संरक्षक पांढऱ्या पेशी. सिनॅप्टोफायसिन या वेळी कोरे. डीएनएची दुरुस्ती करणाऱ्या प्रथिनांपैकी एमएलएच१ आणि पीएमएस२ गायब, एमएसएच२ आणि एमएसएच६ शाबूत. मेड्युलरी कार्सिनोमा, आतड्याच्याच कर्करोगाचा दुर्मीळ प्रकार, दुसरे काय!

रेसिडेन्सीच्या दुसऱ्या वर्षी असल्याच एका स्लाइडवर तू ‘आधी लिम्फोसाइट बघ’ म्हणालास आणि मी सगळ्यांसमोर तुला ‘लिम्फोसाइट मोजणारा तलाठी’ म्हटले. तीन दिवस आपण मेसमध्ये वेगवेगळ्या टेबलांवर जेवलो. ती पदवी मी आज आदराने परत करतो, हवी तर सातबाऱ्यावर चढव. मात्र त्या भांडणात माझी आमटी तू सांडलीस, हे मी विसरलेलो नाही.

आतड्याच्या कर्करोगाचे दुसरे प्रकार, चिकट स्रावाचा म्युसिनस असो वा सिग्नेट रिंग, गाठीत त्यांच्या प्रमाणाने निम्म्याची रेषा ओलांडली की नाव ठरते. वाद झाला तरी मोजून मिटतो. मेड्युलरीला तशी मोजपट्टी नाही, नजरेवरच भिस्त. शिवाय सिग्नेट रिंगची पेशी दिसायला अंगठीसारखी नाजूक आणि पोटाच्या पडद्यावर पसरण्यात पटाईत. ही मात्र दिसायला रानटी आणि वागायला त्या मानाने सभ्य. मी रूपाला भुललो, या वयात!

पुढचे सारे बरे झाले, हीच अडचण आहे. १८ लसिकाग्रंथी तपासल्या, एकीतही रोग नाही, टप्पा दुसरा. बीआरएएफ व्ही६००ई हा जनुकबदल सापडल्यामुळे लिंच सिंड्रोमची, म्हणजे आनुवंशिक कर्करोगाची, भीती जवळजवळ गेली. दोन लेकी आहेत, त्यांच्यासाठी ते महत्त्वाचे. ऑन्कॉलॉजिस्टने केमो रद्द करून नुसती देखरेख ठेवली. मी फोन करून त्यांना चूक सांगितली, तर ते ‘होतं असं’ म्हणाले आणि मोकळे झाले.

परवा मुलगा द्राक्षांच्या दोन पेट्या घेऊन आला. ‘डॉक्टर, पहिला रिपोर्ट चुकला होता, तुम्ही बरोबर ओळखलंत,’ असे म्हणाला. दोन्ही रिपोर्टांखाली सही माझीच आहे, हे त्याने पाहिलेले नाही. मी ‘बसा, चहा घ्या’ एवढेच म्हणालो. चहा संपेपर्यंत वेळ होता, सुधीर, पुरेसा होता. पेट्या अजून फोडलेल्या नाहीत. सोमवारी त्याला बोलावून घेतले आहे, या वेळी दोन्ही कागद टेबलावर ठेवीन.

विभागप्रमुख झालास, अभिनंदन. गच्चीची गळती थांबली का? वहिनींना नमस्कार.

बायोप्सीची जुनी स्लाइड कुरियरने पाठवतो आहे. ती मी पुन्हा पाहिली. न चिरडलेल्या तुकड्यात आता मला लिम्फोसाइटच लिम्फोसाइट दिसतात, म्हणून माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास नाही. तुलाही आता सगळे कळले आहे, तेव्हा तूही उपयोगाचा नाहीस. तुझ्या एखाद्या रेसिडेंटला काही न सांगता दाखव आणि तो काय म्हणतो ते जसेच्या तसे कळव.

तुझा,
अविनाश