पाणी सोडा, पण सांगून सोडा : जलसंपदा मंत्र्यांना खुले पत्र

मा. जलसंपदा मंत्री (गोदावरी व कृष्णा खोरे),
महाराष्ट्र राज्य

महोदय,
स. न. वि. वि.

निफाड तालुक्यात गोदावरी-कादवेच्या संगमावरचा नांदूरमधमेश्वर बंधारा तुमच्या खात्याचा. त्याच्या फुगवट्यातलं, १९८६ साली जाहीर झालेलं पक्षी अभयारण्य वन खात्याचं. २०२० मध्ये ते राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालं, हारतुरे झाले. पाणी किती ठेवायचं हे मात्र अजून आवर्तनाच्या, म्हणजे कालव्याला पाणी सोडायच्या पाळ्यांच्या, हिशेबावरच ठरतं.

शेकाट्या हा लांब पायांचा पक्षी काठालगतच्या चिखलावर चार काड्या रचून अंडी घालतो, तेही ऐन उन्हाळ्यात. पाणी वीतभर चढलं की घरटं गेलं. हिवाळ्यात उलट रडगाणं. तुतवार पक्षी घोटाभर पाण्यात चोच खुपसून किडे टिपतात, थापट्या बदकालाही उथळच लागतं. गाळाने तळ इतका वर आलाय की पातळी थोडी उतरली तरी मोठा पट्टा उघडा पडतो आणि चार दिवसांत भेगाळतो. मग पक्षी खाणार काय?

शेतीचं पाणी अडवा, असं मी म्हणत नाही. वैजापूर-गंगापूरकडचा जलद कालवा चाललाच पाहिजे. पावसाळ्यात नाशिककडच्या गंगापूर-दारणा धरणांचा विसर्ग इथूनच जायकवाडीला जातो, त्या पुराला वेळापत्रक कोण लावणार! बोलतोय ते नोव्हेंबर ते जूनबद्दल. पातळी एकदम न हलवता टप्प्याटप्प्याने चढवा-उतरवा. कालवा सल्लागार समितीच्या बैठकीला वन्यजीव विभागाचा अधिकारी बोलवा (खुर्ची कमी पडली तर वर्गणी काढू). आणि रोजची पातळी अभयारण्यालगतच्या चापडगावला, लोकांना दिसेल अशी, फळ्यावर खडूने लिहा. ॲप नको.

आता पक्षी बघायला जायच्या वाटेचं. काठाच्या काळ्या मातीत पाऊस पडला की पाय रुततो. लोक चिखल चुकवायला कडेच्या गवतात शिरतात, वाट रुंदावत जाते आणि गवतातली घरटी तुडवली जातात. म्हातारी माणसं तर अर्ध्यातूनच माघारी फिरतात. यावर काँक्रीट ओतू नका. सलग काँक्रीट बांधासारखं आडवं येतं, एकीकडे डबकं आणि दुसरीकडे कोरड. मुरूम टाकून वाट हातभर उचला, खालून जागोजागी नळे घाला, पाणी इकडून तिकडे जाऊ द्या. खर्चही कमी येईल, पण ठेकेदाराला आवडेलच असं नाही.

पाऊस सरला की रब्बीच्या आवर्तनाची बैठक लागेल. वन्यजीव विभागाला पहिलं बोलावणं त्याच बैठकीचं जावं, एवढी विनंती.

आपला,
नाशिकचा एक पक्षीमित्र