मुंबईच्या बोरा बाजारातल्या, कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

कॅमेरा दुरुस्त झाला त्या दिवशी पैसे दिले, तोंडाने आभारही मानले. पण तो कॅमेरा तुम्ही मला रोज वापरायला लावलात, त्याचे आभार राहूनच गेले. ते चारचौघांत मानावेत असं मनापासून वाटलं, म्हणून हे उघड पत्र.

मामांनी मस्कतहून आणलेला ऑलिंपस एक्सए-२ हा रोलचा छोटा कॅमेरा रत्नागिरीच्या घरात कातडी पाकिटात वर्षानुवर्षं पडून होता. कोकणातली दमट हवा, बंद कपाट आणि वर कातडं, म्हणजे बुरशीची चंगळच. लेन्सवर जाळं धरलेलं आणि मागच्या झाकणातून उजेड आत येऊ न देणारा फोम विरघळून डांबरासारखा चिकट झालेला. एका दुकानात मला सांगितलं, शोकेसमध्ये ठेवा, शोभेल. तुम्ही मात्र भिंग लावून बराच वेळ पाहत राहिलात आणि जे होईल ते आणि जे होणार नाही ते, दोन्ही आधीच सांगितलंत. बुरशी पुसता येईल, पण तिने काचेवरचं कोटिंग खाल्लं असेल तर तो डाग राहील. फोम नवा बसेल. शटर मात्र सेलवर चालतं. आतलं सर्किट गेलं तर नवा भाग कुठेच मिळत नाही, दुसऱ्या मेलेल्या कॅमेऱ्यातून काढावा लागतो. इतकं स्वच्छ बोलणारा माणूस भेटला की आपली वस्तू त्याच्या हाती निर्धास्त देता येते.

मी तो न्यायला आले तेव्हा तुम्ही ते कातडी पाकीट परत दिलंच नाहीत. म्हणालात, हा यात पुन्हा घालायचा नाही. मग त्याचं कारण सांगितलंत, ते माझ्या अजून लक्षात आहे. ऑलिंपसचे कॅमेरे घडवणाऱ्या योशिहिसा माइतानी यांनी १९७९ साली याचा थोरला भाऊ एक्सए काढला तो मुळी पाकीट नको आणि लेन्सचं टोपणही नको, या हट्टाने. पुढचं झाकण सरकवलं की कॅमेरा चालू, बंद केलं की लेन्स सुरक्षित. वर्षभराने आलेला एक्सए-२ त्याहून सोपा. खिशातून काढायचा, झाकण सरकवायचं, लाल बटण दाबायचं. ज्याने एवढा विचार करून तो खिशासाठी बनवला, त्याचा कॅमेरा तुम्ही कपाटात कसा कोंडता, असं तुम्ही विचारलंत. आणि वर म्हणालात, रोज उजेड-वारा लागला तर बुरशी धरायची नाही, वापरणं हीच याची निगा.

फोकसचंही तुमच्यामुळेच कळलं. लेन्सशेजारच्या पट्टीवर तीन खुणा आहेत: जवळचा माणूस, थोड्या अंतरावरची माणसं आणि डोंगर. झाकण बंद केलं की तिच्यावरची कळ आपोआप मधल्या खुणेवर येते. ४०० चा, म्हणजे कमी उजेडातही चालणारा रोल आणि लख्ख ऊन असेल तर कॅमेरा लेन्समधलं उजेडाचं छिद्र बारीक करतो आणि त्या मधल्या खुणेवरच दीड-दोन मीटरपासून पार पुढपर्यंतचं सगळं नीट येतं. उजेड माणसाच्या पाठीमागे असेल तर लेन्सखालचा रोलचा आकडा ४०० वरून १०० वर न्यायचा, म्हणजे कॅमेरा जास्त उजेड आत घेतो, फोटो काढून लगेच परत आणायचा. खिडकीत उभ्या माणसाचा चेहरा काळा न येता फोटो निघू लागला तो या एका गोष्टीमुळे. दृश्यदर्शीत हिरवा दिवा लागला की शटर संथ चालणार आहे, कठड्याला हात टेकवा, हेही तुम्हीच शिकवलंत.

तेव्हापासून कॅमेरा माझ्या पिशवीत असतो. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या डब्यात, सोबत सिलिका जेलची पुडी. बाकी दिवस नुसताच. रोल महाग झालेत, त्यामुळे छत्तीस फोटो पुरवून वापरते. पण पुरवून वापरणं म्हणजे खास प्रसंगासाठी राखून ठेवणं नव्हे, हे मला या कॅमेऱ्याबरोबर राहून पटलं. गेल्या वर्षी गिरगावातली आमची चाळ पुनर्विकासासाठी रिकामी झाली. लग्नाकार्यांचे फोटो सगळ्यांकडे होते. सामायिक नळावर लागलेल्या बादल्यांचे, जिन्याच्या झिजलेल्या लाकडी कठड्याचे, दुपारी गॅलरीत पाय पसरून तांदूळ निवडणाऱ्या शेजारच्या आजींचे मात्र कुणाकडेच नव्हते. फोनवर काढलेले असतील, पण मागितल्यावर एकालाही सापडले नाहीत. माझ्याकडे होते, निगेटिव्हच्या प्लॅस्टिक पट्ट्यांमध्ये, तारीख घातलेले, कारण कॅमेरा त्या रोजच्या दुपारीही हाताशी होता. आजींच्या मुलाने प्रिंट मागून घेतली. जिन्याची प्रिंट तर इतक्या जणांनी मागितली की निगेटिव्ह लॅबमध्ये पुन्हा पुन्हा पाठवावी लागली.

काका, हे फोटो तुमच्यामुळे आहेत. त्या दिवशी तुम्ही काम उरकून कॅमेरा पिशवीत घालून दिला असतात तर तो माझ्याही कपाटातच गेला असता.

२०२४ साली पेंटॅक्सने १७ नावाचा नवा फिल्म कॅमेरा काढला. अर्ध्या फ्रेमचा, छत्तीसच्या रोलवर बहात्तर फोटो देणारा, आणि फोकस असाच खुणा पाहून अंदाजाने लावायचा. वाचलं तेव्हा पहिली आठवण तुमची झाली. नव्या मुलांच्या हाती असे कॅमेरे येत आहेत, तर ते उघडून बघणारी माणसंही हवीत. म्हणून तुमच्या बाकाशेजारी बसून काम शिकणाऱ्या त्या मुलाचेही आभार. तो बारीक पट्ट्यांमध्ये फोम कापत होता ते मी पाहिलं आहे.

मामा दिवाळीत मुंबईला येणार आहेत, त्यांना तुमच्याकडे घेऊन येते. मागच्या झाकणाची खिट्टी हल्ली जरा सैल वाटते, तीही तेव्हा बघून द्या. चाळीच्या प्रिंटा तुमच्यासाठी वेगळ्या काढून ठेवल्या आहेत.

तुमची,
गिरगावची गिऱ्हाईक