धिंगरीच्या खोलीला हवा पण लागते

संपादक साहेब, नमस्कार.
कोल्हापुरात आता बरीच पोरं, बचत गटातल्या बायका घरच्या खोलीत धिंगरी मशरूम लावायला लागल्यात, चांगलंच आहे, पण सगळा भर पाणी मारण्यावर आणि हवेचं कुणी बोलतच नाही. भुसा आणि बियाणं भरलेल्या पिशवीत मशरूमची पांढरी बुरशी पसरेपर्यंत खोली बंद, अंधारी, २५ डिग्रीच्या आसपास ठेवली की झालं, पण एकदा कोंब फुटले की आतला कार्बन डायऑक्साइड बाहेर गेलाच पाहिजे, नाहीतर देठ लांबलचक आणि टोपी बटणाएवढी, असला माल मंडईत कोण घेणार? ओलावा ८०-८५ टक्के पाहिजे, पण तो फरशी भिजवून, ओलं गोणपाट लावून. कोंबावरच पाणी साचलं की पिवळे पडून कुजतात. जुलै-ऑगस्टात आपल्याकडं हवाच ओली, तेव्हा फॉगर (पाण्याचं धुकं सोडणारं यंत्र) कमी आणि एक्झॉस्ट फॅन जास्त. उन्हाळ्यात पारा ३० च्या वर गेला की धिंगरीचा हट्ट नको, दुधी अळिंबी (पांढरं मिल्की मशरूम) लावा, तिला ऊब मानवते. आणि तोडणीला मास्क लावाच हो, बीजाणू, म्हणजे मशरूमच्या टोपीतून उडणारी बारीक भुकटी, छातीत जाऊन खोकला धरतो, हे तर कुणी सांगतच नाही!
शेतीच्या पानावर हे एकदा सविस्तर छापा, ही विनंती.
– एक वाचक, कसबा बावडा, कोल्हापूर