फारिया पुतळ्यापुरताच का?

महोदय,

१८८२च्या व्हिएन्नात डॉ. ब्रॉयर आणि तत्त्वज्ञ नीत्शे यांची गाठ घालून देणारी कादंबरी नुकतीच वाचली. प्रत्यक्षात दोघे कधी भेटलेच नाहीत. ब्रॉयरची रुग्ण बेर्था पापनहाइम मात्र खरी. बोलून मन मोकळं करण्याला ती गमतीनं 'धुराडं साफ करणं' म्हणे. मी मनोरुग्णांच्या वॉर्डात नोकरी केली आहे. रात्रपाळीला कितीतरी जणांना गोळीपेक्षा खाटेशी स्टूल ओढून बसणारं माणूस हवं असे. त्यामुळे ती पानं पटली. नीत्शेची लांबलचक भाषणं, खरं सांगते, नुसती चाळली.

पण मग आपल्या गोव्यातल्या कांदोळीचे, संमोहनाचा अभ्यास करणारे पाद्री आबे फारिया यांच्यावर अशी मराठी कादंबरी का नाही? जन्म १७५६चा. संमोहनाची झोप कुठल्याही चुंबकी द्रवामुळे नव्हे, झोपणाऱ्याच्या स्वतःच्या मनातून येते, हे त्यांनी पॅरिसमध्ये मेस्मरपंथीयांना, म्हणजे असा द्रव मानणाऱ्या डॉ. मेस्मरच्या अनुयायांना, ठणकावून सांगितलं. पुस्तक १८१९ साली आलं आणि त्याच वर्षी ते गेले. पणजीत जुन्या सचिवालयाजवळ, एका बाईला संमोहित करतानाच्या त्यांच्या पुतळ्यापाशी पर्यटक विचारतात, "हा पाद्री त्या बाईला मारतोय का?"

गोव्यातल्या कादंबरीकारांनी मनावर घ्यावंच. पहिली प्रत मी आत्ताच नोंदवून ठेवते.

– एक निवृत्त परिचारिका, म्हापसा