पट्टी लावलेला अंगठा

प्रिय राजा,

तू सात वर्षांचा असताना एकदा बाथरूममधून ओरडत आला होतास, "आई, कुणाला लागलंय? फरशीवर रक्त आहे!" मी म्हणाले, "काही नाही रे, पायाला काच लागली." तू धावत जाऊन औषधांचा डबा आणलास, मला खुर्चीवर बसवलंस आणि विचारलंस, "कुठे?" आता आली का पंचाईत! मी उजव्या पायाचा अंगठा पुढे केला. तू फुंकर घालत घालत माझ्या धडधाकट अंगठ्याला पट्टी लावलीस. खोटं उघडं पडू नये म्हणून मी ती दोन दिवस काढली नाही, तुझ्यासमोर थोडी लंगडलेसुद्धा. तिसऱ्या दिवशी पट्टी निघाल्यावर तू अंगठा उलटसुलट करून पाहिलास आणि खूण राहिली नाही म्हणून स्वतःच्या डॉक्टरकीवर खूश झालास.

काच लागली नव्हती. मला पाळी आली होती.

एवढं एक वाक्य बोलायला मला सहा वर्षं लागली. तेही गेल्या आठवड्यात तू शाळेतून आल्यावर जे सांगितलंस त्यामुळे. वर्गातल्या एका मुलीच्या स्कर्टला मागे डाग पडला, मागच्या बाकावरची मुलं हसली, ती दप्तर मागे धरून बाहेर गेली ती परत आलीच नाही. मी विचारलं, "मग तू काय केलंस?" तू म्हणालास, "काही नाही," आणि खोलीचं दार ओढून घेतलंस. ते "काही नाही" मी लगेच ओळखलं. माझंच होतं ते.

पुस्तकातली आकृती तू पाहिली असशील, त्यामुळे तो भाग थोडक्यात आटपते. गर्भाशयात दर महिन्याला आतून एक अस्तर तयार होतं. गर्भ राहिला नाही की हॉर्मोन्स उतरतात आणि ते अस्तर रक्ताबरोबर बाहेर पडतं. दोन ते सात दिवस. मोठ्या बायकांना साधारण 21 ते 35 दिवसांनी येते, तुझ्या वयाच्या मुलींची मात्र सुरुवातीची दोन-तीन वर्षं काही खरं नसतं. कधी तीन आठवड्यांनी, कधी दीड महिन्याने. म्हणजे "तारीख लक्षात ठेवायला काय झालं होतं तिला?" असं कुणी म्हणालं, तर त्याला पाळीतलं काही कळत नाही असं खुशाल समज.

आणखी एक गोष्ट मुलांना माहीत नसते. मोठ्या पुरुषांनासुद्धा नसते, हे मी स्वतः पाहिलंय. हे रक्त लघवीसारखं धरून ठेवता येत नाही. "तास संपेपर्यंत थांब" हे वाक्य इथे चालत नाही. बराच वेळ बसून एकदम उभं राहिलं किंवा जोरात शिंक आली की आतून भस्सकन गेल्यासारखं वाटतं, आणि त्या क्षणी चेहरा मात्र सरळ ठेवायचा असतो.

तू त्या दिवशी घाबरला होतास, म्हणून हेही सांगते: सगळे दिवस मिळून जाणारं रक्त बहुतेकींचं 30 ते 40 मिलिलिटरच असतं. दोन-तीन मोठे चमचे. पण चमचाभर रक्त फिकट कापडावर किती पसरतं, ते मला विचार. दर तासाला पॅड भिजू लागलं, तर मात्र डॉक्टरांकडे जायला हवं.

आणि दुखतं. गर्भाशय आकसतं म्हणून पोटात कळा येतात. ते ज्यामुळे आकसतं, त्या प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनाचा आतड्यांवरही परिणाम होतो, म्हणून कित्येकींचं त्याच दिवशी पोटही बिघडतं. सुट्टीच्या दिवशी मी गरम पाण्याची पिशवी घेऊन पडलेली असते आणि तुला "ॲसिडिटी झालीय" म्हणते ना? अर्ध्या वेळा तीही काच लागल्यासारखीच ॲसिडिटी असते.

आता फजितीचं. आम्हा मुलींचं शाळेत एक वाक्य होतं: "मागे बघ गं, लागलंय का?" मैत्रीण दोन पावलं मागे राहायची, बघायची आणि मान हलवायची. दिवसातून चारदा. तुझा प्रश्न आणि आमचा प्रश्न एकच होता बघ, फक्त आमच्यात कुणालाच जखम झालेली नसायची. पॅडच्या पाकिटाचा चर्र आवाजसुद्धा शेजारच्या बाथरूममध्ये कळू नये म्हणून मी नळ सोडायचे. आतमध्येही बायकाच आणि बाहेरही बायकाच! मग लपवत कुणापासून होते, हा प्रश्न मला चाळिशीत पडला.

सगळ्यात मोठी फजिती नोकरीतली. दुपारची लांबलेली मीटिंग, करड्या कापडाची खुर्ची. उठायची वेळ आली तेव्हा खालचा ओलावा जाणवला आणि मी उठलेच नाही. सगळे निघाले, मी लॅपटॉपमध्ये डोकं घालून काहीबाही टाइप करत राहिले. एक वयाने मोठे सहकारी रेंगाळले. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, स्वतःचं जॅकेट शेजारच्या खुर्चीवर ठेवलं, "उद्या दिलंत तरी चालेल" म्हणाले आणि दिवा चालू ठेवून दार लावून गेले. बस. मी जॅकेट कमरेला बांधलं, रुमाल गार पाण्यात भिजवून खुर्ची पुसली. (गारच पाणी हं. गरम पाण्याने रक्तातलं प्रोटीन गोठतं आणि डाग पक्का बसतो. पुढेमागे गुडघा फुटून पँट खराब झाली की उपयोगी पडेल.) दुसऱ्या दिवशी जॅकेट धुऊन दिलं. त्यावर आम्ही कधीही बोललो नाही. बोलायची गरजही नव्हती, इतकं ते साधं करून टाकलं होतं त्यांनी.

हुशार माणसांचीही यात भंबेरी उडते. सॅली राइड ही अंतराळात गेलेली पहिली अमेरिकन स्त्री. 1983 साली ती सहा दिवसांसाठी जाणार होती. नासाच्या इंजिनिअरांनी तिला विचारलं, 100 टॅम्पॉन पुरतील का? टॅम्पॉन म्हणजे रक्त शोषून घ्यायला आत ठेवतात ती कापसाची वळी. शंभर म्हणजे काही महिन्यांची बेगमी! रॉकेटच्या इंधनाचा हिशेब थेंबाथेंबाने करणारी माणसं ही. घरात आई, बहीण, बायको असूनही कुणाला विचारलं नसेल. मला त्यांचं हसू येतं आणि रागही येत नाही, कारण निदान त्यांनी विचारलं तरी. विम्बल्डनमध्ये पूर्ण पांढऱ्या कपड्यांच्या नियमातून खेळाडू मुलींना आतली चड्डी गडद रंगाची घालायची मुभा मिळायला तर 2023 उजाडलं.

त्या मुलीचं म्हणशील, तर ती वर्गात येईल तेव्हा सहानुभूतीचा चेहरा करून जाऊ नकोस. ते हसण्याइतकंच जड जातं. गणिताची वही माग. रोज मागतोस तशीच. ती मागची मुलं पुन्हा सुरू झाली, तर "पुरे रे" एवढंच म्हण, तेही तिच्याकडे न बघता. कविता म्हणताना मध्येच तुझा आवाज फाटला आणि वर्ग फिदीफिदी हसला, तो दिवस तू अजून विसरलेला नाहीस. मला ठाऊक आहे. तुला तेव्हा कुणी काय करायला हवं होतं, तेच कर.

आणि कुठलीही मुलगी चिडली की "पाळी आली वाटतं" म्हणायचं नाही. चिडण्याची कारणं तिच्याकडे महिन्याचे तीसही दिवस असू शकतात. माझ्याकडे तर तुझी खोली आहे.

विचारायचं असेल ते विचार. समोर बसून विचारायची लाज वाटली तर याच कागदाच्या मागे लिही आणि माझ्या उशीखाली ठेव. मीही पत्रच लिहितेय, बोललेले नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेलच.

माझी तारीख या शनिवारच्या आसपास आहे. बाथरूममधून हाक मारली, तर कपाटाच्या दुसऱ्या खणात डावीकडे निळं पाकीट आहे, ते आणून दे. औषधांचा डबा नको.

तुझी,
आई