आई-बाबांना पत्र: काम सोडायचं नाही, आवरायचं आहे

प्रिय आई-बाबा,
सा. नमस्कार.

बाबा, रोज दहा-दहा तास चालणारं सल्लागाराचं काम सोडा असं मी म्हणतच नाही. ते आठवड्याला चाळीस तासांत बसवा, एवढंच. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२१ मध्ये हिशेब मांडला होता: ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा ५५ किंवा जास्त तास राबणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के जास्त.

तास एकदम निम्मे मात्र करू नका. दोन-तीन दिवसांत चैन पडेनासं होतं, हात आपोआप फोनकडे जातो आणि सगळं मूळ पदावर येतं. दर आठवड्याला रोजचा अर्धा तास कमी करा. दहाचे सात तास व्हायला सहा आठवडे लागतील, लागू देत. कपात संध्याकाळकडून करा. सकाळी उशिरा सुरू केलं तर तेवढंच काम रात्रीकडे सरकतं.

शेवटच्या पंधरा मिनिटांत नवं काही हातात घ्यायचं नाही. राहिलेली कामं कागदावर लिहा, पण नुसती नावं नकोत. ‘अहवाल’ एवढंच लिहिलं तर तो रात्रभर डोक्यात घोळतो. ‘उद्या दहाला तिसऱ्या तक्त्याची बेरीज तपासणे’ असं लिहा. कधी आणि कुठून सुरू करायचं हे ठरलं की अर्धवट कामाची टोचणी कमी होते. मासिकाम्पो आणि बॉमायस्टर या मानसशास्त्रज्ञांच्या २०११ मधल्या प्रयोगांत हेच दिसलं. मग लॅपटॉप पूर्ण बंद करा, नुसता मिटू नका. फोनवरून कामाचा ईमेल काढूनच टाका. नोटिफिकेशन बंद करून भागत नाही, कारण आपण स्वतःहून उघडून बघतो. तातडीचं असेल तर फोन करा, असं ग्राहकांना आधीच सांगून ठेवा.

मोकळा झालेला वेळ रिकामा राहिला तर काम तिथे परत शिरतं. म्हणून ठरल्या वेळेचं, कुणाच्या तरी सोबतीचं काहीतरी हवं. एकट्याचं फिरणं सहज टळतं. आणि कृपा करून पावलं मोजू नका! तुमचा स्वभाव पाहता त्याचंही टार्गेट होईल.

सुट्टीच्या दिवशी डोकं दुखतं, त्याचं खापर विश्रांतीवर फोडू नका. कामाच्या दिवशीची कॉफी अचानक तुटली की १२ ते २४ तासांत असं होऊ शकतं. तीही हळूहळूच उतरवा.

आई, तू घड्याळ घेऊन त्यांच्या मागे लागू नकोस. पहारा बसला की माणूस लपून काम करतो. पण आलेल्यांना ‘जरा कामात आहेत’ असं सांगून त्यांची बाजू सावरणंही थांबव. त्यांचं त्यांना सांगू दे.

एखादा आठवडा बिघडला तर पुढच्या आठवड्यात भरपाई नको, तीच पायरी पुन्हा. सहा आठवडे नेटाने करूनही झोप लागत नसेल, काम नसताना घाबरल्यासारखं किंवा उदास वाटत असेल, तर वेळापत्रक बदलत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. अतिकामाच्या आड कधी कधी चिंता किंवा नैराश्य असतं, त्याचे उपचार वेगळे.

तुमची,
धाकटी